प्रयोगशाळेची शिरगणती

कोणत्याही धंद्याचा इतिहास लिहावयाचा झाला तर त्या धंद्यात कोणकोणती माणसे होती, ती कोठून आली, त्यांतील किती टिकली आणि किती वाटेतच गळाली, हे प्रथम पाहावे लागते. गिरण्यांचा इतिहास गिरणीकामगारांना वगळून सांगता येत नाही, आणि रेल्वेचा इतिहास भुसावळच्या लोको शेडमधील माणसांना वगळून सांगता येत नाही. विज्ञानाच्या बाबतीत मात्र आपण हा साधा नियम विसरतो. विज्ञानाचा इतिहास म्हणजे शोधांची यादी, असा आपला समज असतो. लस निघाली, जंतू सापडला, नवे वाण आले. पण ती लस ज्या खोलीत तयार झाली तेथे किती माणसे होती, त्यांत बायका किती होत्या, खेड्यातून आलेले किती होते, कायमच्या जागेवर कितीजण होते आणि सहा महिन्यांच्या मुदतीवर किती, हे कोणी विचारीत नाही.

आजच्या या लेखात आम्ही नेमके हेच विचारावयाचे ठरविले आहे. विषय जीवशास्त्रीय संशोधनाचा, आणि प्रदेश मुख्यतः आपला महाराष्ट्र. हा विषय दीपनगरसारख्या ठिकाणी कशाला, अशी शंका कोणाला येईल. तिचे उत्तर असे की, दीपनगरच्या श्रोत्यांइतका या विषयाचा मर्मज्ञ श्रोता दुसरीकडे मिळणे कठीण. कायम कामगार, कंत्राटी कामगार आणि रोजंदारीवरचा माणूस यांच्यांतील अंतर येथे कोणाला समजावून द्यावे लागत नाही. शिवाय या वसाहतीतील आणि भुसावळ, वरणगाव, फैजपूर या भागांतील कितीतरी घरांतून आज मुले आणि विशेषतः मुली सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन, जैवतंत्रज्ञान हे विषय घेऊन एम.एस्सी. होत आहेत. त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न केवळ विद्वानांचा नव्हे, आपल्या घरातला आहे.

एक कारकून, तीन शिपाई

आपल्याकडील आधुनिक जीवशास्त्रीय संशोधनाचा आरंभ कोठून धरावा, याविषयी मतभेद होतील. पण मुंबईच्या प्लेगपासून तो धरला तर फारशी चूक होणार नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग असल्याचे निश्चित झाले. पुढे तो घाट चढला, नद्या ओलांडल्या आणि खानदेशातही पोचला. गावे ओस टाकून शेतात झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी आपल्याकडील जुन्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत.

या प्लेगवर लस शोधण्यासाठी सरकारने कलकत्त्याहून वाल्डेमार हाफकिन यांना बोलावले. हाफकिन हे ओडेसा येथे १८६० साली जन्मलेले ज्यू गृहस्थ. रशियात ज्यू म्हणून त्यांची वाट अडली होती. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना आसरा मिळाला, आणि तेथून पटकीची लस घेऊन ते १८९३ साली हिंदुस्थानात आले होते. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि पडवी देण्यात आली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या माणसांनिशी तीन महिन्यांत लस तयार झाली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली.

महाराष्ट्रातील एका मोठ्या जीवशास्त्रीय प्रयोगशाळेची ही पहिली शिरगणती होय. संशोधक एक, तोही परदेशी, कारकून एक, शिपाई तीन. त्या तिघांपैकी कोणी काचेच्या नळ्या धुतल्या, कोणी शेगडी सांभाळली, कोणी जंतू वाढविण्याचा रस्सा ढवळला, हे आपल्याला ठाऊक नाही. कारण इतिहासाने त्यांची नावे राखली नाहीत, फक्त संख्या राखली.

हाफकिन यांच्या पुढील आयुष्यात घडलेला एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. १९०२ च्या ऑक्टोबर महिन्यात पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ माणसांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष लशीच्या कारखान्यावर, म्हणजे हाफकिन यांच्यावर ठेवण्यात आला आणि त्यांना कामावरून दूर करण्यात आले. खरी हकिकत अशी दिसून आली की, एकाच बाटलीतील लस बाधित झाली होती, आणि त्या दिवशी मुलकोवालमध्ये बूच काढावयाचा चिमटा जमिनीवर पडून तसाच वापरला गेला होता. हाफकिन निर्दोष आहेत हे मान्य व्हावयास १९०७ साल उजाडले. इतका उशीर का लागला? त्या काळी प्रयोगशाळांच्या वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिस या लष्करी वळणाच्या गोऱ्या नोकरवर्गाच्या हाती होत्या. हाफकिन त्या नोकरवर्गातले नव्हते. ते प्राणिशास्त्रज्ञ होते, त्यांच्याजवळ वैद्यकाची पदवी नव्हती, आणि ते ज्यू होते. ते त्या घरात राहिले, पण ते घर त्यांचे झाले नाही. १९२५ साली परळच्या त्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले; तिचे पहिले भारतीय संचालक, साहिबसिंग सोखी, मात्र १९३२ साली आले.

यातून आमच्या आजच्या विवेचनाचे सूत्र हाती लागते. प्रयोगशाळेचे दार उघडणे ही एक गोष्ट. आत बसावयास जागा मिळणे ही दुसरी. आणि प्रमुखाच्या खुर्चीपर्यंत पोचणे ही तिसरी. या तीन ठिकाणी तीनदा डोकी मोजली पाहिजेत. एकदाच मोजून समाधान मानणारा फसतो.

दारावरचा सत्याग्रह

आता दुसरी गणती पाहू. १९३३ साल. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेली एक मुलगी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज करते. तिचे वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही त्याच संस्थेतून रसायनशास्त्रज्ञ होऊन बाहेर पडलेले. घराण्याची वाट होती, गुणवत्ता होती. तरी अर्ज नाकारण्यात आला. कारण अर्जदार स्त्री होती. नाकारणारे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन. ही मुलगी म्हणजे कमला भागवत, पुढच्या कमलाबाई सोहोनी. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण, एवढे सांगितले म्हणजे तिच्या करारीपणाविषयी मराठी वाचकाला अधिक काही सांगावे लागू नये.

कमलाबाईंनी गांधीजींच्या मार्गाने जायचे ठरविले. प्रवेश मिळेपर्यंत संचालकांच्या कचेरीपुढे सत्याग्रह करावयाचा. अखेर अटींवर प्रवेश मिळाला. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीबेरात्रीही काम करावयाचे. आणि आपल्या उपस्थितीने संस्थेतील वातावरण बिघडू द्यावयाचे नाही! या शेवटच्या अटीचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. पुरुषांचे चित्त विचलित झाले तर त्याची जबाबदारीही मुलीवरच. श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक कडक पण न्यायी होते. वर्षभराने रामन यांचे समाधान झाले, आणि त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. कमलाबाईंना मात्र ती अपमानाची आठवण जन्मभर राहिली, आणि त्यांनी ती जाहीरपणे बोलून दाखविली.

बंगलोरला दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवर त्यांनी काम केले. ते काम आपल्या ताटातले होते हे लक्षात घ्यावे. नंतर १९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यापासून आरंभ करून वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे श्वसनक्रियेतील द्रव्य असते, हे त्यांनी दाखविले, आणि अवघ्या चाळीसएक पानांच्या प्रबंधावर १९३९ साली पीएच.डी. मिळविली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. आणि ज्या केंब्रिजचा आपल्याला एवढा दरारा, त्या केंब्रिजनेही स्त्रियांना विद्यापीठाच्या पदवीचे पूर्ण हक्क १९४८ सालापर्यंत दिलेले नव्हते. तेव्हा बंगलोरला दोष देताना ही गोष्टही विसरता कामा नये. हा एका माणसाच्या संकुचितपणाचा प्रश्न नव्हता. जगभरच्या प्रयोगशाळांची ती रीत होती.

मायदेशी परतल्यावर कमलाबाई दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात आणि मग कुन्नूरच्या पोषणसंशोधन प्रयोगशाळेत गेल्या. १९४७ साली विवाहानंतर त्या मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाच्या प्राध्यापक झाल्या. तेथे त्यांनी नीरेवर केलेले काम पुष्कळांना ठाऊक असेल. ताडाच्या ताज्या रसात जीवनसत्त्वे आणि लोह किती आहे, आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना त्याचा उपयोग कसा होईल, याचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. परंतु संस्थेच्या संचालकपदाची खुर्ची, योग्यता असूनही, त्यांना कित्येक वर्षे उशिरा मिळाली. म्हणजे दार सत्याग्रहाने उघडले, जागा कर्तृत्वाने मिळाली, आणि खुर्चीसाठी वाट पाहावी लागली. तिन्ही ठिकाणची गणती एकाच आयुष्यात पाहावयास मिळते.

वसतिगृह आणि पाळणाघर

कमलाबाईंच्या मागून आलेल्या पिढीचा अनुभव थोडा निराळा आहे. कमल समर्थ, म्हणजेच डॉ. कमल रणदिवे, यांचा जन्म पुण्याचा, १९१७ चा. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्राचे प्राध्यापक. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींवर त्यांनी प्रबंध लिहिला तो १९४३ साली, म्हणजे लग्नानंतर चार वर्षांनी. पती गणिती होते आणि त्यांनी पत्नीच्या अभ्यासाला मनापासून साथ दिली, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. कारण स्त्रीसंशोधकांच्या चरित्रांत सासरची साथ हा अनेकदा निर्णायक मुद्दा ठरतो, पुरुषांच्या चरित्रांत त्याचा उल्लेखही नसतो.

मुंबईला टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांची विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा होती. खानोलकरांनी कमलताईंना शिष्य म्हणून घेतले. १९४९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. पुढे १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर काचपात्रात पेशी जिवंत ठेवून वाढविण्याची, प्रयोगशाळा उभी केली. स्तनांच्या कर्करोगाचा वंशपरंपरेशी, शरीरातील स्रावांशी आणि विषाणूंशी काय संबंध आहे, हे उंदरांवरील प्रयोगांनी तपासणाऱ्या आरंभीच्या भारतीय संशोधकांत त्या होत्या. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राचे हंगामी संचालकपदही सांभाळले. ‘हंगामी’ हा शब्द आम्ही मुद्दाम येथे ठेवतो.

पण आमच्या विषयाला त्यांचे सर्वांत मोठे देणे वेगळे आहे. १९७३ साली त्यांनी काही सहकारी स्त्रियांना बरोबर घेऊन भारतीय स्त्री-वैज्ञानिक संघ स्थापन केला. या संघाची वास्तू वाशीला आहे. वैज्ञानिकांच्या संस्थेत काय असावे अशी आपली कल्पना असते? सभागृह असावे, ग्रंथालय असावे. या वास्तूत त्याबरोबर नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आहे आणि पाळणाघर आहे. ज्यांनी प्रयोगशाळेत आयुष्य काढले त्यांना पक्के कळले होते की, संशोधिका संशोधन सोडते ती बुद्धी आटल्यामुळे नव्हे; मूल कोणाजवळ ठेवावे आणि परगावी रात्री राहावे कोठे, या दोन प्रश्नांची उत्तरे न मिळाल्यामुळे. शेकडो पानांच्या अहवालाने जे कळणार नाही ते या पाळणाघराने कळते.

आजचे आकडे

आता आजच्या गणतीकडे वळू. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०२१-२२ साली विज्ञान शाखेत शिकणाऱ्या सुमारे ५७ लाख विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ ३० लाख मुली होत्या. म्हणजे निम्म्याहून अधिक. पीएच.डी. करणाऱ्या सर्व विषयांतील २ लाख १२ हजार विद्यार्थ्यांत ९९ हजार स्त्रिया होत्या. कमलाबाईंनी ज्या दारापुढे सत्याग्रह आरंभिला ते दार आज सताड उघडे आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

पण आत जाऊन मोजावे. सरकारी पाहणीप्रमाणे २०१८ साली देशातील प्रत्यक्ष संशोधकांत स्त्रियांचे प्रमाण शेकडा १७ च्या आतच होते. विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांतील विज्ञानाच्या अध्यापकवर्गाची जी अलीकडील पाहणी झाली तिच्यातही साधारण हाच आकडा येतो. जीवशास्त्रात तो इतर शाखांपेक्षा बरा, पण तोही शेकडा बावीस-तेवीसच्या घरात. वर्गात निम्म्याहून अधिक, प्रबंध लिहिताना जवळजवळ निम्म्या, आणि पगारी जागेवर पाचांत एक.

विजेच्या धंद्यातील माणसांना ही गोष्ट चटकन उमगावी. निर्मिती केंद्रातील आकडा कितीही भरघोस असला तरी वाटेत गळती झाली तर गावातला दिवा मिणमिणतो. शिवाय ही गळती निर्मिती केंद्रात उभे राहून दिसत नाही. तारेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मोजावे लागते. आपण मुलींच्या निकालाचे आकडे वाचून आनंद मानतो, तो तारेच्या पहिल्या टोकाचा आनंद आहे.

गळती कोठे होते हेही सांगता येते. पीएच.डी. पुरी होते तेव्हा वय अठ्ठावीस-तीसच्या आसपास असते. तेव्हाच लग्न, तेव्हाच मूल, तेव्हाच नवऱ्याची बदली. आणि नेमकी तेव्हाच संशोधनाच्या जगाची अपेक्षा अशी की, दोन-तीन वर्षे परगावी किंवा परदेशी जाऊन आणखी शिकावे. पुढे अर्जाच्या वयाची अट आडवी येते. या अडचणी ओळखून काही उपाय झालेले आहेत. खंड पडलेल्या स्त्रियांना पुन्हा संशोधनात आणण्याची योजना २००२-०३ पासून केंद्राच्या विज्ञान विभागाने सुरू केली. जैवतंत्रज्ञान विभागानेही २०११ पासून तशी योजना चालविली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला २४० दिवसांची प्रसूतिरजा आणि दोन वर्षांची जादा मुदत दिली. २०१७ च्या कायद्याने पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आवश्यक ठरले. कमल रणदिव्यांच्या पिढीने स्वतः वर्गणी जमवून जे केले ते कायद्यात यावयास एवढी वर्षे लागली. कायदा झाला म्हणजे पाळणाघर झाले असे मात्र नव्हे.

खेडे, जात आणि सातपुडा

स्त्रियांविषयी एवढे सांगितल्यावर दुसऱ्या एका गणतीकडे पाहणे प्राप्त आहे. भागवत, समर्थ, खानोलकर ही सारी नावे सुशिक्षित शहरी घराण्यांची आहेत. यात त्यांच्या मोठेपणाला उणेपणा नाही. पण ज्याच्या घरात आधीच ग्रंथ होता, त्यालाच सूक्ष्मदर्शक मिळाला, हे सत्य आहे. खानदेशातील मुलाला १९४५ च्या सुमारास जळगाव-अमळनेरला महाविद्यालये निघेपर्यंत पदवीसाठी पुणे-मुंबईची वाट धरावी लागे. ही वाट ज्याला परवडे तो जाई.

हे चित्र पालटले ते प्रामुख्याने शेतीच्या शिक्षणाने. १९६० साली धुळ्याला कृषी महाविद्यालय निघाले, १९६८ साली राहुरीचे कृषी विद्यापीठ झाले, १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आले. कुणब्याचा, लेवा पाटलाचा, गुजराचा मुलगा प्रयोगशाळेत पोचला तो या दारांतून. आणि तो आपले प्रश्न बरोबर घेऊन पोचला, ही गोष्ट फार महत्त्वाची. एकेकाळी खानदेशात गाजलेले जरीला कापसाचे वाण जुन्या शेतकऱ्यांना अजून आठवते. केळीचे तर पाहण्यासारखे आहे. बसराईच्या जागी ऊतिसंवर्धित ग्रँड नैन रोपे १९९० च्या दशकापासून जळगाव जिल्ह्यात आली आणि केळीचा सारा धंदा बदलला. अलीकडे रावेर-यावलच्या बागांतून हरण्या रोगाने शेतकरी हवालदिल झाला, तेव्हा त्या विषाणूकडे लक्ष वेधणाऱ्यांत केळीच्या बागेत वाढलेली माणसे होती. प्रश्न ज्याच्या पायाला टोचतो तो त्याची तड लावतो.

आता याच कसोटीने सातपुड्याकडे पाहावे. धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा, यावल या भागांतील भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. रक्तातील गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. सांधे ठणकतात, रक्त कमी होते, मूल वारंवार आजारी पडते. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा विकार होण्याचा संभव चारांत एक. हा विकार एका रेणूतील बिघाडाने होतो, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखविले. १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत तो भारतात प्रथम नोंदला गेला. म्हणजे शास्त्राला तो कळून सत्तरांहून अधिक वर्षे झाली. देशव्यापी निर्मूलन मोहीम मात्र २०२३ च्या जुलैत सुरू झाली.

या दिरंगाईला कारणे अनेक आहेत, आणि एकाच कारणावर बोट ठेवणे अशास्त्रीय होईल. परंतु एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. या विकाराचा अभ्यास करण्यासाठी आदिवासींच्या रक्ताचे नमुने दशकानुदशके शहरांतील प्रयोगशाळांत गेले. नमुना तेथे पोचला. नमुना देणाऱ्याचा मुलगा संशोधक म्हणून तेथे कितीदा पोचला? राज्यघटनेने अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा दिल्या. प्रवेशाच्या दारापाशी त्यांचा परिणाम दिसतो. वरच्या पायऱ्यांवर मात्र, विशेषतः देशातील नामांकित संस्थांच्या प्राध्यापकपदांवर, या समाजांची संख्या अत्यल्प आहे. केंद्रीय संस्थांतील अध्यापकांच्या राखीव जागांसंबंधी २०१९ साली जो कायदा झाला, त्याच्या परिशिष्टात काही नावाजलेल्या संशोधनसंस्थांना त्यातून वगळण्यातही आले. गुणवत्तेला धक्का लागू नये हे त्याचे समर्थन. रामन यांनाही आपल्या संस्थेचा दर्जा राखावयाचा होता. ज्या मुलीमुळे तो बिघडेल असे वाटले, तिनेच तो वाढविला. हा धडा विसरण्यास आपल्याला फार काळ लागला नाही.

मुदतीची माणसे

शेवटची गणती वयाची आणि मुदतीची. हिच्यात स्त्री-पुरुष, शहर-खेडे सारेच सापडतात.

एका मार्गदर्शकाने तीस वर्षांच्या नोकरीत बारा जणांना पीएच.डी. केले असे धरू. हा आकडा काही अवाजवी नव्हे. तो निवृत्त होताना त्याची एक खुर्ची रिकामी होते. उरलेल्या अकरांनी कोठे जावे? नव्या संस्था निघत असतात तोवर हा प्रश्न दबून राहतो. त्या निघणे मंदावले, रिक्त जागा भरणे लांबले, की तो उघडा पडतो. जगात सर्वांत श्रीमंत असलेल्या अमेरिकेतही हेच घडले आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या समितीने २०१२ साली सांगितले की, जीववैद्यक शास्त्रात पीएच.डी. झालेल्यांपैकी विद्यापीठांत कायमच्या किंवा कायम होऊ शकणाऱ्या जागेवर असणाऱ्यांचे प्रमाण १९९३ साली सुमारे एक तृतीयांश होते, ते सुमारे एक चतुर्थांशावर आले. स्वतंत्र संशोधनासाठी पहिले मोठे अनुदान मिळण्याचे सरासरी वय तेथे १९८० साली ३६ होते, ते पुढे ४२ वर गेले. म्हणजे ऐन उमेदीची वर्षे माणूस दुसऱ्याच्या प्रश्नावर राबतो, आणि स्वतःचा प्रश्न विचारावयाची मुभा मिळते तेव्हा केस पिकू लागलेले असतात.

आपल्याकडे संशोधन करणाऱ्या कनिष्ठ शिष्यवृत्तिधारकाला जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आणि घरभाडे अशी शिष्यवृत्ती आहे. आकडा वाईट नाही. परंतु ही रक्कम वेळेवर हाती पडत नाही, ही तक्रार देशभरच्या संशोधक विद्यार्थ्यांनी वारंवार केली आहे. शिष्यवृत्ती संपल्यावर प्रकल्पावरील नेमणूक. प्रकल्प संपल्यावर नेमणूकही संपते. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविणारे, पीएच.डी. झालेले कितीतरी तरुण आपल्या जिल्ह्यातही दिसतील. ज्या घरात मागे शेती किंवा पगार आहे तो मुलगा ही अनिश्चित वर्षे काढू शकतो. ज्याच्या पगाराची घरी वाट पाहिली जाते तो पहिली मिळेल ती नोकरी धरतो. अशा रीतीने वयाची आणि मुदतीची गणती पुन्हा घराण्याच्या गणतीला जाऊन मिळते. दारावर जी निवड कायद्याने बंद केली ती आत गेल्यावर मुदतीच्या जोरावर चालू राहते.

मग काय करावे?

आपल्या मुलांना आणि मुलींना या वाटेने धाडू नये काय? आमचे उत्तर ‘अवश्य धाडावे’ असेच आहे. पण डोळे उघडे ठेवून. प्रवेश घेताना संस्थेची इमारत पाहू नये, शिरगणती पाहावी. येथून गेल्या दहा वर्षांत किती जण पीएच.डी. झाले, ते आज कोठे आहेत, शिष्यवृत्ती किती महिन्यांनी येते, पाळणाघर आहे काय, प्रमुखांच्या यादीत बायकांची, खेड्यातून आलेल्यांची नावे आहेत काय, हे पालकांनी निःसंकोच विचारावे. कारखान्यात मुलगा लावताना आपण हे विचारतोच. दुसरे असे की, सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संशोधनसंस्थेने वार्षिक अहवालात शोधनिबंधांच्या संख्येशेजारी ही गणतीही छापावी, असा आग्रह नागरिकांनी धरला पाहिजे. जे मोजले जात नाही ते सुधारत नाही. आणि तिसरे, घरातले. सुनेच्या पीएच.डी.ची शेवटची दोन वर्षे ही तिची हौस नसून तिचे काम आहे, हे ज्या घराने ओळखले त्या घराने एक संशोधक देशाला राखून दिला, असे आम्ही समजतो.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. असोद्याच्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हते. बी कसे रुजते, अंकुर कसा वर येतो, हे मात्र तिने शेतात उभे राहून पाहिले आणि ओव्यांत सांगितले. पाहणे आणि नेमके सांगणे हीच जीवशास्त्राची पहिली पायरी होय. तिच्या काळी तिच्यासाठी शाळेचेही दार नव्हते. आज तिचे नाव विद्यापीठाच्या दारावर आहे. त्या दारातून तिच्यासारख्या किती जणी आत गेल्या, किती जणी आत राहिल्या आणि किती जणी खुर्चीपर्यंत पोचल्या, हे आपण दरवर्षी मोजू लागलो, म्हणजे ते नाव देण्यामागचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.